जिंकलेली मॅच हातून गेली, अशी तुमच्या कॉलेजची कुठली हार अजून विसरता येत नाही?

पेठेतली_मिशिगनकर

नमस्कार मंडळी. अमेरिकेत शिकलेल्या आणि कॉलेज फुटबॉलचं वेड लागलेल्या सगळ्यांना हा प्रश्न आहे. पण आधी माझं सांगते, मग तुमचं ऐकते.

मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा, शाहू स्टेडियमवरचा. वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. आपली तालीम हरली की रात्री ताटावर कुणी बोलायचं नाही. आई मुकाट्यानं वाढायची, वडील मुकाट्यानं जेवायचे. त्यामुळं हार म्हणजे काय हे मला अमेरिकेत येऊन शिकावं लागलं नाही. हातानं खेळायचा फुटबॉल मात्र शिकावा लागला.

२००७ च्या ऑगस्टमध्ये मास्टर्स करायला मिशिगन विद्यापीठात, अॅन आर्बरला आले. १ सप्टेंबरला सीझनची पहिली मॅच. दोन वर्षं आधी आलेली एक नागपूरची मुलगी म्हणाली, "चल, पहिली मॅच सोपी आहे, मजा येईल." समोर ॲपलॅचियन स्टेट, उत्तर कॅरोलायनातल्या डोंगरात वसलेल्या बून गावची टीम. मिशिगन देशात पाचव्या नंबरवर आणि ही खालच्या गटातली. वरच्या गटातल्या कॉलेजला फुटबॉलसाठी ८५ स्कॉलरशिप देता येत, खालच्याला ६३. एवढं सांगितलं की फरक कळेल. अर्थात ती पोरं त्यांच्या गटात लागोपाठ दोन वर्षं विजेती होती, पण हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं.

स्टेडियममध्ये एक लाख नऊ हजार माणसं होती. शाहू स्टेडियम भरलेलं पाहिलेली मी, तरी जिन्यावरून आत पाऊल टाकल्यावर पाय थबकला. बाहेरून ती वास्तू फार उंच दिसत नाही, कारण मैदान जमिनीच्या खाली खोल आहे. आत गेलात की एकदम विहिरीच्या काठावर उभं राहिल्यासारखं होतं, आणि ती सगळी विहीर पिवळी नि निळी.

अर्ध्या वेळेला ॲपलॅचियन २८, आम्ही १७. नागपूरची मैत्रीण मला नियम सांगत होती, ती हळूहळू बोलायची थांबली. दुसऱ्या अर्धात आमच्या माइक हार्टनं ५४ यार्ड पळून टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडं नेला, आणि आम्ही ३२-३१ असे पुढं गेलो. शेजारच्या अनोळखी मुलानं मला उचललंच. मग शेवटची २६ सेकंद राहिली असताना त्यांनी फील्ड गोल मारला, म्हणजे चेंडू लाथेनं खांबांमधून पार केला. ३४-३२. तरी संपलं नव्हतं. आमच्या चॅड हेनीनं लांब फेकलेला चेंडू मारिओ मॅनिंगहॅमनं ४६ यार्डांवर झेलला. सहा सेकंद उरली. आता ३७ यार्डांवरून एक किक. ती बसली की तीन गुण आणि मॅच आमची.

किक निघाली आणि निघता निघता अडली. कोरी लिंच नावाच्या त्यांच्या पोरानं हात घातला आणि तोच चेंडू घेऊन पळत सुटला.

त्यानंतरची शांतता मला अजून ऐकू येते. एक लाखाहून जास्त माणसं, आणि खाली मैदानावर नाचणाऱ्या पाहुण्या पोरांच्या आरोळ्या वरपर्यंत स्वच्छ येत होत्या. नॉर्थ कॅम्पसच्या बसमध्ये सगळे उभे, खच्चून भरलेली बस, पण कुणी शब्द काढला नाही. मला एकदम आमच्या घरातलं ते जेवण आठवलं. आपण इथं परके आहोत असं त्या बसमध्ये मला वाटलं नाही, आणि अमेरिकेत येऊन तेव्हा तीनच आठवडे झाले होते.

(ॲपलॅचियनच्या ह्या विजयानंतर असोसिएटेड प्रेसनं नियम बदलला. खालच्या गटातल्या टीमनाही क्रमवारीत मतं देता येऊ लागली. २०१४ मध्ये हीच टीम परत अॅन आर्बरला आली तेव्हा आम्ही ५२-१४ नं जिंकलो. मी गेले होते. काही भरून निघालं नाही.)

पण माझ्या मनात पहिला नंबर ह्या हारेचा नाही. पहिला नंबर १७ ऑक्टोबर २०१५ चा. आमच्याच राज्यातलं दुसरं विद्यापीठ मिशिगन स्टेट, त्यांच्याविरुद्ध, आमच्याच मैदानात.

तेव्हा मी मिशिगनमधल्याच नोव्हाय गावात राहत होते. मुलगा चार महिन्यांचा होता आणि त्याच्यासाठी आई कोल्हापूरहून आली होती. मॅच घरातच टीव्हीवर. हारबॉचं कोच म्हणून पहिलं वर्ष, कितीतरी दिवसांनी टीममध्ये जीव आला होता. पूर्ण ६० मिनिटं मिशिगन स्टेट एकदाही पुढं गेली नव्हती. आम्ही २३-२१. दहा सेकंद शिल्लक. आमचा चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, म्हणून पंट मारायचा, म्हणजे चेंडू लाथेनं लांब टोलवून द्यायचा. पंटर ब्लेक ओ'नील, ऑस्ट्रेलियाचा पोरगा, तिकडचा फुटबॉल खेळून आलेला. त्याच मॅचमध्ये त्यानं ८० यार्डांचा पंट मारला होता! मी बाळाला खांद्यावर घेऊन उभी होते. नवरा चहाचं आधण ठेवायला उठला होता.

स्नॅप, म्हणजे पंटरकडं मागं टाकलेला चेंडू, खाली आला. ओ'नीलच्या हातातून चेंडू निसटला. त्यानं उचलून कसंबसं मारायला बघितलं, तोवर चार जण अंगावर. चेंडू हवेत उडाला तो थेट त्यांच्या जेलेन वॉट्स-जॅक्सनच्या हातात, आणि तो ३८ यार्ड पळत गेला. घड्याळ शून्यावर. २७-२३. सबंध मॅचमध्ये ते पुढं गेले ते घड्याळ संपल्यावर.

मी ओरडले नाही, बाळ होतं. नुसती खाली बसले. टीव्हीवर पुन्हा पुन्हा ओ'नीलचा चेहरा दाखवत होते. आईला खेळातलं काही कळलं नव्हतं, पण तिनं एवढंच विचारलं, "ह्याचे आईबाप कुठं असतात?" म्हटलं, ऑस्ट्रेलियात. ती म्हणाली, "म्हंजे आज रात्री त्याला जेव म्हणायला कोण न्हाई."

पुढं त्याला इंटरनेटवरून लोकांनी जे लिहिलं ते वाचून मला माझ्याच टीमच्या लोकांची लाज वाटली. विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांना, जिम हॅकेट ह्यांना, जाहीर पत्र काढून लोकांना आवरावं लागलं.

तर माझं म्हणणं असं. ४०-५० गुणांनी तुडवले गेलो ती हार दुखते, पण चार दिवस. जिव्हारी लागते ती वेगळीच. सगळं बरोबर केलेलं असतं, ताट वाढलेलं असतं, घास तोंडाशी असतो, आणि एका क्षणात जातो. तुमची अशी हार कुठली? कुठं होता तेव्हा? आणि ती क्लिप आता बघवते का?

लॅन्सिंगचा_सांगलीकर

ताई, मी पलीकडचा. मिशिगन स्टेट, ईस्ट लॅन्सिंग. त्या संध्याकाळी आम्ही बारा जण एका खोलीत होतो आणि खालच्या मजल्यावरच्यांनी छत पडतंय म्हणून दार ठोठावलं. तुमची ती हार आमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी दिवाळी. त्यामुळं खरं तर मी इथं लिहू नये.

पण एक सांगतो. जेलेन वॉट्स-जॅक्सन तो टचडाउन करून पडला आणि त्याच्यावर सगळी टीम पडली. त्यात त्याचं कंबरेचं हाड मोडलं. सीझन तिथंच संपला. आम्ही नाचत होतो तेव्हा तो हॉस्पिटलच्या वाटेवर होता. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि मी क्लिप परत पाहिली तेव्हा नजर त्या ढिगाऱ्यावरच खिळली. आता मी ती क्लिप टचडाउनपर्यंतच बघतो.

आणि तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, कारण तीनच आठवड्यांनी आमच्यावर ते उलटलं. ७ नोव्हेंबर २०१५, लिंकन, नेब्रास्का. तोवर आम्ही एकही मॅच हरलो नव्हतो, आणि नेब्रास्काचा सीझन अगदी वाईट चालला होता. १७ सेकंद राहिली असताना त्यांच्या ब्रँडन रायलीनं टचडाउन पकडला. पळताना तो मैदानाच्या रेषेबाहेर गेला होता आणि आत येऊन त्यानं चेंडू झेलला. नियम असा की स्वतःहून बाहेर गेला तर झेल धरत नाहीत, पण कुणी ढकललं म्हणून गेला असेल तर धरतात. पंचांनी ढकललं असं मानलं. ३९-३८.

आम्ही त्या वर्षी बिग टेन, म्हणजे आमच्या कॉलेजांची लीग, जिंकलो, शेवटच्या चारांत गेलो आणि तिथं अलाबामानं आम्हाला ३८-० नं धुतलं. खरं सांगतो, त्या ३८-० चं मला आज काही आठवत नाही. ३९-३८ चा तो एक पाय रेषेबाहेर पडलेला मात्र मी डोळे मिटून काढून दाखवीन.

मॉर्गनटाउनकर

मला ताईंचं पटत नाही. शेवटच्या सेकंदाला गेलेली मॅच म्हणजे अपघात, आणि अपघाताला माणूस रडून मोकळा होतो. मला जी छळते ती हार हळूहळू झाली, चार तास डोळ्यांसमोर.

१ डिसेंबर २००७. मी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमची टीम क्रमवारीत दुसरी. एक मॅच जिंकली की राष्ट्रीय अजिंक्यपदाची फायनल, आणि ते अजिंक्यपद आमच्या कॉलेजला कधीच मिळालं नाही. समोर पिट्सबर्ग, ७५ मैलांवरचे शेजारी आणि शंभर वर्षांचे वैरी. त्यांचा सीझन ४ विजय, ७ पराभव. मॅच आमच्या मैदानात. पैज लावणारे आम्हाला साडेअठ्ठावीस गुणांनी वरचढ धरत होते. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगमधली एकही टीम नाही, कुठल्याच खेळात नाही. कोळशाच्या खाणींची गावं, बंद पडलेल्या दुकानांच्या रांगा, आणि प्रत्येक घरावर निळा-सोनेरी झेंडा. माझ्या घरमालकाचे वडील आणि आजोबा दोघेही खाणीत होते. तो मला सकाळी म्हणाला होता, हे माझ्या बापाला बघायला मिळायला हवं होतं.

मॅच सुरू झाली. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, पॅट व्हाइट, त्याचा अंगठा दुसऱ्या क्वार्टरमध्ये निखळला. दोन सोपे फील्ड गोल चुकले, त्यातला एक तर २० यार्डांवरचा. त्यांचा लशॉन मॅकॉय एकसारखा पळत राहिला. थंडी मी म्हणत होती. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सुरू होईल, आता आपली टीम आपल्यासारखी खेळेल. ते सुरूच झालं नाही. १३-९, आणि त्या नवातले दोन गुणही शेवटी पिट्सबर्गनं वेळ काढायला मुद्दाम दिलेले.

त्याच रात्री पहिल्या नंबरची मिझूरीही हरली. म्हणजे आम्ही नुसते जिंकलो असतो तर... हे वाक्य मी आजवर पुरं केलेलं नाही. दोन आठवड्यांत कोच रिच रॉड्रिगेझ आम्हाला सोडून गेले. कुठं गेले ते ताईंना माहीत आहे.

महिनाभरानं ह्याच पोरांनी ओक्लाहोमाला ४८-२८ नं हरवलं, म्हणजे ताकद होती. तेच जास्त लागतं. तुमची मॅच पुढच्या वर्षी परत येते, दर वर्षी येते. आमची ती संधी परत आलीच नाही. क्लिप बघण्याचा प्रश्नच नाही, कारण ह्या हारेची क्लिप नाही. कुठला एक क्षण दाखवणार?

पेठेतली_मिशिगनकर

मॉर्गनटाउनकर, तुमचं वाचून मी जरा वेळ उठून बाहेर गेले.

रॉड्रिगेझ आमच्याकडं आले. ॲपलॅचियनच्या मॅचनंतर त्याच नोव्हेंबरात आमचे कोच लॉइड कार ह्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि त्यांच्या जागी हे. पुढच्या वर्षी, २००८ मध्ये, आम्ही ३ जिंकल्या आणि ९ हरलो. १९६७ नंतर मिशिगन जिंकल्याहून जास्त मॅचेस हरलं असा सीझन झाला नव्हता. त्या सगळ्या मॅचेस मी पावसात, बर्फात बसून बघितल्या आणि तुमच्या गावातून आलेल्या त्या माणसाला मनातल्या मनात बोल लावले. तुमच्या घरमालकाच्या बाजूनं मी कधी विचारच केला नव्हता. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ते परत वेस्ट व्हर्जिनियाला गेले तेव्हा तुमच्या गावाला काय वाटलं? जमलं तर लिहा.

उत्सुक_वाचक_पुणे

खेळ फारसा कळत नाही, एक शंका. दहाच सेकंद होती आणि मिशिगन पुढं होतं, तर किक मारायचीच कशाला? चेंडू छातीशी धरून खाली बसायचं की.

पेठेतली_मिशिगनकर

चौथा डाऊन होता. चार प्रयत्नांत दहा यार्ड झाले नाहीत की चेंडू जिथं असेल तिथून समोरच्याचा. आम्ही त्यांच्या ४७ यार्डांच्या रेषेवर होतो. खाली बसलो असतो तर दोन सेकंद जातात, उरलेल्या आठ सेकंदांत ते जवळजवळ मैदानाच्या मध्यातून एक लांब फेक करू शकतात. १९९४ मध्ये ह्याच मैदानावर कोलोरॅडोच्या कॉर्डेल स्टुअर्टनं शेवटच्या क्षणी ६४ यार्डांचा टचडाउन टाकून आम्हाला २७-२६ नं हरवलं होतं. अॅन आर्बरमधले जुने लोक ती फेक विसरत नाहीत. म्हणून पंट. पंट हवेत असतानाच निम्मी सेकंदं जातात.

पण क्वार्टरबॅकनंच चेंडू घेऊन मागं मागं पळत वेळ काढायचा होता, किंवा उंच लांब फेकून द्यायचा होता, असं आता सगळे म्हणतात. मीही म्हणते. आमच्या घरी ह्यावर दर ऑक्टोबरात चर्चा होते. मिशिगन स्टेटनं त्या वेळी पंट झेलायला मागं कुणी ठेवलंच नव्हतं, सगळे पुढं धावायला लावले होते. हे बाकावरच्या कुणाला तरी दिसायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. त्यात त्या पोराचा दोष सगळ्यात कमी.

जुना_कार्डिनल

मुलांनो, तुमच्या हारा अजून ओल्या आहेत. माझीला चाळीस वर्षं उलटून गेली.

मी पवईहून बी.टेक. करून १९८१ साली स्टॅनफर्डला आलो. २० नोव्हेंबर १९८२ ला बर्कलीच्या मैदानावर, कॅलिफोर्नियाविरुद्धची वार्षिक मॅच. आमचा क्वार्टरबॅक जॉन एलवे, शेवटचं वर्ष. एवढा मोठा खेळाडू, पण कॉलेजच्या चार वर्षांत त्याला एकही बोल गेम, म्हणजे सीझननंतरची मानाची मॅच, मिळाला नव्हता. ही जिंकली असती तर मिळणार होता.

शेवटच्या मिनिटात आम्ही दोन गुणांनी मागं. चौथा डाऊन, १७ यार्ड हवे, आणि आम्ही आपल्याच १३ यार्डांच्या रेषेवर. माझ्या बाजूचा गुजराती मित्र पिशवी आवरायला लागला. एलवेनं २९ यार्डांचा पास टाकला. तो पास मी शेवटच्या श्वासापर्यंत विसरणार नाही. मग आणखी काही, आणि मार्क हार्मनचा ३५ यार्डांचा फील्ड गोल. २०-१९. चार सेकंद उरली. पोरं मैदानात धावली म्हणून पंधरा यार्डांचा दंड झाला. त्या क्षणी त्याची कुणाला पर्वा?

किक-ऑफ. त्यांच्या केविन मोएननं चेंडू उचलला, मागं टाकला, त्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. एकूण पाच वेळा. मध्येच त्यांचा एक जण आमच्या गर्दीखाली गाडला गेला. गुडघा टेकला, संपलं, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. आमच्या बँडलाही वाटलं. लाल कोट घातलेली वाजवणारी मुलं मैदानात आली. आणि त्या मुलांच्या मधून, वाट काढत, मोएन पळत आला आणि गोलरेषेपलीकडं ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या आमच्याच मुलावर जाऊन आदळला.

पंच कितीतरी वेळ घोळका करून उभे होते. आम्हाला वाटत होतं की आत्ता रद्द करतील. मग एकाचे दोन्ही हात वर गेले. २५-२०.

ह्या दोन कॉलेजांमध्ये जिंकणाऱ्याला एक कुऱ्हाड मिळते, स्टॅनफर्ड ॲक्स. तिच्या पाटीवर प्रत्येक वर्षाचा स्कोअर कोरलेला असतो. कुऱ्हाड आमच्याकडं आली की १९८२ चा स्कोअर बदलून २०-१९ करतात, त्यांच्याकडं गेली की परत २५-२०. इतकी वर्षं हे चाललंय. मला हा प्रकार पोरकट वाटत नाही. माझ्या हयातीत त्या पाटीवर २०-१९ दिसतं ते मला बरं वाटतं.

क्लिप मी बघतो. एकटा असलो की बघतो. गुडघ्यापाशी थांबवतो. तो टेकलेला आहे असं मला आजही वाटतं, आणि खात्री मात्र होत नाही.

नाशिकचा_यलोजॅकेट

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला.

माझी अगदी ताजी. जॉर्जिया टेक, २९ नोव्हेंबर २०२४, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार. सगळी अमेरिकन मुलं घरी गेलेली, मेस बंद, इमारतीत आम्ही तीन-चार भारतीय उरलेलो. खिचडी टाकली आणि मॅच लावली. समोर अथेन्सचं जॉर्जिया विद्यापीठ, त्यांच्याच मैदानात. ते आम्हाला धाकट्या भावासारखं वागवतात. हाफटाइमला आम्ही १७-०! चौथ्या क्वार्टरमध्ये २७-१३. खिचडीचा कुकर तसाच राहिला, कुणी उघडलाच नाही.

मग २७-२०. दोन मिनिटं राहिली. चेंडू आमच्याकडं, क्वार्टरबॅक हेन्स किंगकडं, ज्यानं त्या रात्री आख्खी टीम खांद्यावर घेतली होती. तो पळाला, त्याला जोराची धडक बसली आणि चेंडू सुटला. ती धडक डोक्याला होती, दंड व्हायला हवा होता, असं आमच्याकडचे सगळे म्हणतात. दंड झाला नाही. एक मिनिट राहिलं असताना त्यांनी बरोबरी केली.

ओव्हरटाइम. दोन ओव्हरटाइम नीट खेळतात, तिसऱ्यापासून नुसता दोन गुणांचा एकेक प्रयत्न, गोलरेषेपासून तीन यार्डांवरून, आळीपाळीनं. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, सातवा. प्रत्येक वेळी आम्ही उभे राहायचो, प्रत्येक वेळी बसायचो. माझा रूममेट तेलुगू, पाचव्याला तो देवापुढं जाऊन बसला. आठव्यात ते आत गेले. ४४-४२.

ताई, तुम्ही म्हणता एका क्षणात जाते. मॉर्गनटाउनकर म्हणतात हळूहळू जाते. आमची दोन्ही प्रकारे गेली. आणि सांगतो, मला सगळ्यात जास्त किंगचं वाटलं. तो सुटलेला चेंडू सगळे दाखवतात. त्याच्यानंतर आठ ओव्हरटाइम तो परत परत उभा राहिला, ते कुणी दाखवत नाही.

मॉर्गनटाउनकर

ताई, विचारलंत म्हणून. रॉड्रिगेझ परत आल्याची बातमी आली तेव्हा घरमालकाला फोन केला. आता त्यांचं वय ऐंशीच्या घरात. मी विचारलं, माफ केलंत का? ते म्हणाले, माफ केलं नाही, पण सीझनची तिकिटं घेतली आहेत.

पेठेतली_मिशिगनकर

काल रात्री हा सगळा धागा नवऱ्याला वाचून दाखवला. त्या चार महिन्यांच्या बाळाला आता खेळ आमच्याहून जास्त कळतो. जानेवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनला ३४-१३ नं हरवून आम्ही राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलो, ते त्यानं जागून बघितलेलं. त्याचं म्हणणं, आता जुनं कशाला काढायचं? मी काही उत्तर दिलं नाही. त्यानंच मग २०१५ ची क्लिप लावायला सांगितली. त्यानं ती कधी पाहिली नव्हती, घरात आम्ही लावतच नाही.

त्याच वेळी आईचा कोल्हापूरहून व्हिडिओ कॉल आला. तिकडं सकाळ झाली होती. तिनं मागं टीव्हीवर बघितलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "ह्यो त्योच पोरगा न्हवं? पुढं काय झालं त्येचं?"

तेवढं मला सांगता आलं. पुढची मॅच मिनेसोटात होती, आणि पंट मारायला परत तोच उभा राहिला. ती मॅचही शेवटच्या दोन सेकंदांवर आली, ते आमच्या गोलरेषेपासून अर्ध्या यार्डावर होते, आणि आमच्या पोरांनी अडवलं. २९-२६. सीझन संपेपर्यंत पंट तोच मारत होता.

आई म्हणाली, "बरं झालं," आणि मग नातवाला विचारलं, जेवलास का.